वन्संना हवा मानवली

लोणावळ्यातलं माझं सासर हवेवर चालायचं. टोमणा म्हणून नाही, खरंच सांगते. सासऱ्यांनी घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढल्या होत्या आणि मुंबईहून हवापालटाला येणाऱ्यांना ते त्या महिना-दोन महिन्यांसाठी द्यायचे. कुणी टायफॉइडातून उठलेलं, कुणाचा दमा सरत नाही, कुणाच्या सुनेच्या अंगात बाळंतपणानंतर रक्तच उरलेलं नाही. पाणी विहिरीचं, जेवण आमच्या चुलीवरचं आणि औषध एकच, हवा. ती फुकटची असल्यामुळे तिचं कौतुक करताना मामंजी हात आखडता घेत नसत. सासऱ्यांना आमच्याकडे मामंजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मी पुण्याच्या पेठेतून आलेली, मॅट्रिक झालेली, तोंडाने फटकळ. हवा एवढी औषधी असेल तर गावात दवाखाने कशाला लागतात, असं मी लग्नानंतर लगेचच विचारून बसले होते. मामंजी हसले होते. आत्याबाई मात्र बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

पडवीत एक लोखंडी वजनकाटा होता. कुठल्याशा गोदामातून लिलावात निघालेला, पोती मोजायचा. आलेला पाहुणा पहिल्या दिवशी त्याच्यावर उभा राहायचा आणि जायच्या दिवशी पुन्हा एकदा. वजन वाढलेलं असलं की मामंजी आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "हवा मानवली." वाढलं नसलं तर पाहुण्याने पथ्य मोडलेलं असायचं, नाहीतर त्याला पाणी बाधलेलं असायचं. हवेच्या माथी दोष कधीच आला नाही. पण खोटं कशाला बोलू, माणसं काट्यावरून उतरताना इतकी खुश असायची की कधीकधी मीही घरच्या माणसांसारखी तो काटा सरकवून बघायची.

वन्सं म्हणजे माझी नणंद. वयाने माझ्याच बरोबरीच्या, मानाने मोठ्या, म्हणून वन्सं आणि अहो-जाहो. त्यांना औंढ्याला दिलं होतं, आमच्या घरून चालत जाता येईल एवढ्यावर. शेतकरी घर, भाताची खाचरं, चार जनावरं. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं घर दाजी म्हणायचं, ते देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला. रोज पहाटेच्या गाडीने जायचे, दिवेलागणीला परत यायचे. त्यामुळे शेताचं बघणं वन्संवर आणि त्यांच्या सासूवर. वन्सं दिसायला देखण्या होत्या आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. माहेरी आल्या की आधी स्वयंपाकघराच्या दाराआडच्या आरशात तोंड बघायच्या, मग आईला हाक मारायच्या. मी चिडवलं की म्हणायच्या, वहिनी, पुण्याच्या बायकांना आरसा परवडत नसंल, आमाला परवडतो. आमचं नणंद-भावजयीचं नातं असं एकमेकींना टोचत टोचत चांगलं चाललं होतं. एकच दुःख होतं. त्यांना दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं पोटातच गेलं.

सत्तर सालानंतरची गोष्ट असेल. भातकापणी उरकून वन्सं माहेरी आल्या त्या बोटं धरूनच. हाताची पेरं दुखायची, सकाळी मूठ मिटायची नाही, अंगात बारीक ताप, विंचरताना केसांचा पुंजका फणीत. आणि दोन्ही गालांवर, नाकावरून आडवी गेलेली लाली. शेजारणी म्हणाल्या, उन्हाने रापलीय, दुसरं काय. सासूने विश्रांतीसाठी पाठवलं होतं, हे त्या काळी मोठंच. आत्याबाईंनी लगेच घरचा इलाज सुरू केला. सांध्याला निर्गुडीचं तेल चोळायचं आणि अंगणातल्या उन्हात बसवायचं. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, आई शेजारी बसून पायाला तेल लावतेय. बघणाऱ्याला वाटावं, मुलगी असावी तर अशी भाग्यवान. लाली काही कमी होईना, उलट गडद होत चालली. आत्याबाई ऊन वाढवत गेल्या.

मग हळूहळू वन्संचं तोंड भरायला लागलं. आधी डोळ्यांखाली, मग गाल, मग हनुवटी. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. कासारणीला बोलावलं तर जुन्या निघेनात, एकेक वाढवावी लागली. बांगडी फोडली असं म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. कासारणीने मोठ्या मापाच्या भरल्या आणि आत्याबाईंनी तिच्या ओंजळीत खुशीने तांदूळ घातले. औंढ्याहून सासू बघायला आली, दारातूनच म्हणाली, "अंग धरलं की वो पोरीनं." मामंजींनी लेकीला काट्यावर उभं केलं. काटा असा काही सरकला की पाहुण्यांच्या चार खोल्यांतून कुणी तसा सरकवलेला नव्हता. त्या दिवशी आळीनेच नव्हे तर खालच्या बाजारानेही ऐकलं असेल, लेकीला माहेरची हवा मानवली. वन्संनीही आरशात बघितलं आणि पदर डोक्यावरून घेऊन मला विचारलं, आता कशी दिसते मी? मी म्हटलं, जत्रेतल्या भोपळ्यासारख्या. त्या हसल्या. मीही हसले. त्या घरात त्या दिवशी कुणालाही काही खुपलं नाही, आणि याचं मला अजून नवल वाटतं, कारण ते सगळं मांस नव्हतं, पाणी होतं.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी त्यांचे डोळे उघडेनात, पापण्या इतक्या फुगलेल्या. विहिरीपर्यंत चालताना धाप लागली. आमच्या ह्यांनी त्यांना बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, आणि नळीत पांढरं साकळलं, उकडलेल्या अंड्यातला बलक काढल्यावर उरतं ना, तसं. त्यांनी आम्हाला बसूही दिलं नाही. पुण्याला न्या, आजच्या आज न्या, म्हणाले.

पुणं माझं माहेर, म्हणून आत्याबाईंच्या सोबत मीही. दाजी देहूरोडला गाडीत चढले. पुण्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या, नुकत्याच शिकून आलेल्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी वन्संना बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो उन्हाचा. उन्हात गेलं की लाली वाढते का? आत्याबाईंनी अभिमानाने सांगितलं, मी रोज बसवते की उन्हात. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि मग त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, ल्युपस. आत्याबाईंना ते 'लपूस' असं ऐकू आलं. लपून बसतंय म्हणून लपूस व्हय, असं त्यांनी विचारलं. नावाचा अर्थ तो नाही, पण वागतो तसाच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्या घरात मग त्याला शेवटपर्यंत लपूसच म्हटलं गेलं.

त्यांनी मला आणि दाजींना बाजूला बसवून सगळं समजावलं. शरीर रोगजंतूंशी लढायला रक्तात प्रतिपिंडं तयार करतं. या रोगात ती आपल्याच पेशींवर उलटतात, पेशीच्या अगदी गाभ्यावर. घरचाच कुत्रा घरच्यांना चावत सुटला, असं समजा, म्हणाल्या. ती जाऊन मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, गाळणी सुजते आणि अंगातलं सत्त्व लघवीवाटे जायला लागतं. मग चेहरा भरतो, पाय भरतात. आणि मुंबईत एका ठिकाणी ही उलटलेली प्रतिपिंडं रक्तात किती आहेत ते आता मोजता येतं. नवीनच निघालंय. रक्त बर्फात घालून पाठवायचं. सगळ्याच रोग्यांत तंतोतंत जुळतं असं नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण वन्संच्या रक्तातला आकडा खूप चढलेला निघाला होता आणि मूत्रपिंडही तितकंच बिघडलेलं होतं. दोन्ही हातात हात घालून चालत होते.

"चेहऱ्यावर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "आधी आकडा चढतो. सूज मागून येते, आणि ती आली की पुष्कळदा उशीर झालेला असतो."

परत आल्यावर हे सगळं मी पडवीत उभं राहून मामंजींना सांगितलं. वजन वाढलं ते पाणी होतं, हे सांगताना माझा आवाज चढला होता, तो चढायला नको होता असं आज वाटतं. मामंजी उठले आणि काट्यावर एक रिकामं पोतं टाकून आले. पण डॉक्टरीणबाईंनीच रोज वजन बघायला सांगितलं होतं, म्हणून पोतं लवकरच निघालं. आता नियम उलटा झाला. काटा पुढे सरकला की वाईट, मागे आला की चांगलं. मामंजींनी तोही नियम मनापासून स्वीकारला. पहिल्या चुकीचं प्रायश्चित्त घेतल्यासारखे ते लेकीला रोज काट्यावर उभं करायचे आणि ओठातल्या ओठात वजन म्हणायचे. लघवी तापवून बघायचं काम माझ्याकडे. स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या नळ्या मी पुण्याहून आणल्या होत्या. आत्याबाईंना ते स्वयंपाकघराच्या आसपास चालायचं नाही, म्हणून मागच्या न्हाणीत माझी प्रयोगशाळा. आणि आत्याबाईंनी ऊन बंद केलं. लेक अंगणात पाऊल टाकायला निघाली की धावत छत्री घेऊन जायच्या.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी उतरलं, धाप गेली, बोटं मिटायला लागली. आम्ही हुश्श केलं. पण त्या गोळ्यांनी तोंड पुन्हा भरलं, आणि या वेळी ते पाण्याने नव्हतं. चेहरा वाटोळा झाला, मानेमागे मांस आलं, ओठांवर लव आली. औषधाचा गुण आहे, गोळ्या कमी झाल्या की जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. वजन वाढलं म्हणून मामंजी घाबरले, तेव्हा हे वजन निराळं असं त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. आम्ही सगळे मूत्रपिंडाच्या काळजीत होतो. तोंडाची काळजी कुणाला करावीशी वाटली नाही, वन्सं सोडून.

गौरी आल्या तेव्हा त्या औंढ्याला गेल्या, घरची सून म्हणून. दुसऱ्याच दिवशी दाजी त्यांना परत घेऊन आले. वन्सं आल्या त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. दाजींनी बाहेर सांगितलं की त्यांच्या चुलतीने, म्हणजे वन्संच्या चुलत सासूने, चार बायकांत विचारलं, ही कोण पाहुणी आलीय? बिचारीच्या मनात काही नव्हतं, तिला खरंच ओळखू आलं नव्हतं. मी आत जाऊन वन्संजवळ बसले. चिडवायला माझ्याकडे नेहमी काहीतरी असायचं, त्या दिवशी नव्हतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "माजं तोंड कुटं गेलं?"

येईल परत, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर दाराआडचा आरसा त्यांनी उलटा करून ठेवला होता. त्या घरात त्यानंतर कित्येक महिने सगळ्यांनी अंदाजाने कुंकू लावलं.

आणि खरंच, बरं होत गेलं. दर दीड-दोन महिन्यांनी आम्ही दोघी पुण्याला जायचो. घोरावाडी स्टेशनाच्या पुढे माझी हटकून डुलकी लागायची आणि वन्सं मला कोपराने ढोसून जागं करायच्या, कारण त्यांना बोलायला कुणीतरी लागायचं. रक्त मुंबईला जायचं, आकडा पुढच्या खेपेला कळायचा, आणि प्रत्येक खेपेला तो उतरलेला असायचा. नळीतलं पांढरं आधी विरळ झालं, मग धुरकट, मग नुसतं स्वच्छ पाणी. गोळ्या कमी होत गेल्या. दुसरा हिवाळा सरता सरता तोंड परत यायला लागलं. आधी हनुवटी, मग गालांची हाडं. घरातला आरसा पुन्हा सुलटा झाला. एकदा त्या आत्याबाईंना म्हणाल्या, आई, तुजी लेक आली परत. आत्याबाई पदर तोंडाला लावून चुलीपुढे बसल्या, डोळ्यांत धूर गेला म्हणाल्या.

त्याच सुमाराला औंढ्याला दाजींच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. सासूने निरोप धाडला, मोठी सून मांडवात पाहिजे. वन्संनी हिरव्या रंगाचं लुगडं काढून ठेवलं.

चैत्रात आम्ही पुण्याला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसवून ठेवलं. मुंबईचा आकडा चढला होता. थोडाथोडका नाही, पहिल्या वेळेच्या जवळपास. त्यांनी वन्संचे पाय दाबून बघितले, लघवी बघितली, वजन बघितलं. कुठेच काही नव्हतं. तरी त्या म्हणाल्या की गोळ्या आजपासून वाढवायच्या, पहिल्याएवढ्या, आणि काही दिवस इथे राहायचं. आत काहीतरी सुरू झालंय, ते बाहेर दिसायच्या आधी दाबायला हवं. नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते बघायला त्यांनी मला त्याच दिवशी शिकवलं.

घरी विचारून येतो, असं डॉक्टरीणबाईंना सांगून वन्संनी मला परतीच्या गाडीत बसवलं. घरी आल्यावर मनातलं बोलल्या. लग्न होऊ द्या, मग म्हणाल तितक्या गोळ्या खाते, म्हणाल्या. आत्ता आहेत तेवढ्या घेते, उन्हात जात नाही, पण वाढवणार नाही. महिन्याभराचा तर प्रश्न. का वाढवणार नाही हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

मी भांडले. मी त्या घरात जितकी म्हणून भांडले असेन, त्या सगळ्याची बेरीज त्या दिवशी झाली. दाजींवर ओरडले, की तुम्ही समोर बसून सगळं ऐकलं होतं. ते मान खाली घालून म्हणाले, तिला सांगायला माझं तोंड होत नाही. आमचे हे उठून बाहेर गेले, नेहमीसारखे. आत्याबाई नुसत्या लेकीकडे बघत होत्या. शेवटी मामंजी उठले, लेकीचा हात धरून तिला पडवीत नेलं आणि काट्यावर उभं केलं.

"हाललासुदिक न्हाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, मामंजी, काट्याला रक्तातलं कळत नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तवा वजन वाढलं हुतं म्हणून मी चुकलो. आता वाढलंच न्हाई, तर चुकंन कसा?" त्यांनी पहिल्या चुकीतून धडा घेतला होता, अगदी मन लावून घेतला होता. मी त्यांना दुसरा धडा द्यायला बघत होते, पण माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. नळीत स्वच्छ पाणी. नडगीवर खड्डा नाही. समोर उभी असलेली बाई हसतखेळत, आणि तिच्या विरुद्ध मुंबईहून आलेला एक आकडा, जो कुणी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मी एकटी त्या आकड्याच्या बाजूने. वाटलं, ही बाई मेली तरी चालेल पण माझं खरं ठरायला हवं, अशासारखी मी भांडतेय की काय. म्हणून गप्प बसले.

वैशाखात लग्न झालं. मांडव दारात, वर आंब्याचे डहाळे, तरी ऊन फटीफटीतून खाली येत होतं. वन्संनी हळद दळली, हळद लावली, वरातीपुढे कलश घेऊन चालल्या. मी छत्री घेऊन मागे मागे, आणि बायका मला हसत होत्या, ही पुण्याची छत्रीवाली. जेवणाच्या पंगतीतही मी वाढायच्या निमित्ताने वाकून त्यांच्या पावलांकडे बघत होते. जोडवी रुतताहेत का, घोट्याची हाडं दिसताहेत का. दिसत होती. संध्याकाळपर्यंत दिसत होती, आणि मला अगदी आतून वाटलं, देवा, मी चुकलेली असू दे.

त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. ज्येष्ठाच्या सुरुवातीला एका सकाळी माझी नळी पुन्हा पांढरी झाली, आणि पुण्याला नेईपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत भरले होते. डॉक्टरीणबाई आमच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गोळ्या वाढवल्या, सुया दिल्या, पण गाळणी पुन्हा उघडली नाही. रक्तातली घाण यंत्राने काढायची सोय तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकते. वन्सं त्याच पावसाळ्यात गेल्या. मामंजींनी खोल्या भाड्याने देणं बंद केलं, काटा भंगारवाल्याला दिला. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, पण कुणाचीही तब्येत सुधारली असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. नातू झाला, गुबगुबीत झाला, तरी सगळे कौतुक करताना ते डॉक्टरला दाखवा एवढंच म्हणायचे. आत्याबाईंचं निराळं. "म्या उन्हात बसवली तिला," हे वाक्य त्या कधीही, कशाच्याही मध्ये म्हणायच्या, भाजी निवडताना, देवपूजा करताना. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं होतं की रोग उन्हामुळे झाला नाही, उन्हाने फक्त वाढला. पण फक्त या शब्दाने आईचं समाधान होत नाही. दाजींनी दुसरं लग्न केलं, आत्याबाईंनीच करायला लावलं. आणि मी. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य बोलायची मला लहानपणापासून खोड. माझ्या माहेरी त्यावरून माझी टिंगल व्हायची. ते वाक्य त्या घरात मी एकदाही उच्चारलं नाही. उच्चारायची इच्छाच झाली नाही. खरं ठरण्यात एवढं ओझं असतं हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा थोडी मऊ बोलले असते, काट्याचा अपमान न करता बोलले असते, तर मामंजी माझ्या बाजूने वळले असते का, याचा विचार मी आजही करते आणि कुठे पोचत नाही. आता म्हणे ती तपासणी कुठल्याही गावातून पाठवता येते आणि आकडा लगेच कळतो. चांगलंच आहे. पण ऐकलं की मला बरं वाटायच्या आधी राग येतो.

इस्पितळातली एक दुपार सांगायची राहिली. वन्सं जायच्या काही दिवस आधीची. सूज डोळ्यांपर्यंत चढली होती, बोलताना दम लागायचा. दाजी कामावर गेले होते, आत्याबाई खाली चहा प्यायला. मी त्यांच्या पायांना पदराने वारा घालत होते. मला वाटलं त्या झोपल्यात, म्हणून मी रडत होते. त्यांनी डोळे न उघडताच माझा हात शोधला.

"रडू नका वहिनी," त्या म्हणाल्या. "लग्नात समद्यांनी मला वळखलं. चुलत सासूनं लांबून हाक मारली, माज्या नावानं. तुमी बघितलं न्हवं?"

मी हो म्हटलं. बघितलं, म्हटलं. ते खोटं होतं. त्या दिवशी मांडवातल्या प्रत्येक माणसाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या पावलांकडे बघत होते. ती पावलं मला आजही जशीच्या तशी आठवतात. वन्सं कशा दिसत होत्या, ते आठवत नाही.